बैल उठताना पाहावा

माह्या बापाच्या डोळ्याची तारीफ माह्यापुढं करू नका. राळेगावच्या बाजारात करा, महागावच्या बाजारात करा, तठी लोक तुमाले चहा पाजतीन. माह्यापुढं केली तर माह्या तोंडातून असं काई निघन का तुमीच उठून जासान.

हाव, मी पूनमसिंगची पोट्टी. जमनी. राळेगावच्या अंगाले आमचा तांडा आहे. आमचे आजे-पणजे बैलाईच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरत, त्याले लदेनी म्हनत. रेल्वे आली, लदेनी बसली, अन् आमी वावरं घेऊन पराटी अन् तूर पेराले लागलो. पन बैलाची पारख काई रक्तातून गेली नाई. माह्या बापात तर पिढ्याईची पारख एका जागी येऊन बसलती. सदाशिवराव म्हनून एक मोठे कास्तकार होते, ते बा आल्याबिगर बैलाच्या दोराले हात लावत नसत. बंडी पाठवत त्याच्यासाठी.

बाची एक रीत होती. बाकीचे लोक बैल चालवून पाह्यत, दात पाह्यत, शेपटी उचलून पाह्यत. बा यातलं काईच करे नाई. बैलापाशी बिडी पेटवून बसे अन् बैल बसाची वाट पाहे. बसला का मंग उठाची वाट पाहे. व्यापारी कावून जाये. मंग बा बिडी विझवून सांगे, घ्या, नाई तर घेऊ नका. "चालताना सगळेच बैल चांगले दिसते," तो म्हने. "चालाचं तर व्यापारी शिकवूनच आनते. बैल उठताना पाहावा. उठताना जनावराले खोटं बोलता येत नाई."

हे बोलनं ध्यानात ठेवा. मी त्याच्यासाठीच सांगून राह्यली.

फकिरा माहा पाठचा भाऊ. लहानपनापासून पळाले मठ्ठ. लपाछपी असो का हुतुतू, सगळ्यात पयले तोच सापडे. पन जनावर त्याचं ऐके. बानं त्याले छकड्यावर बसवलं अन् आमच्या तांड्याले धुरकरी भेटला. ज्यानं शंकरपट पाह्यला नाई त्याले कसं सांगू? पिकं निघाली का गावोगाव बैलाईच्या शर्यती लागते. हलका छकडा, दोन बैल, अन् धुरीवर उकिडवा बसलेला एक पोट्टा. बैल असे सुटते का धुराळ्यात फकस्त त्याची आरोळी आयकू येते. तोल गेला का गेला. तठी जाडाभरडा गडी कामाचा नाई, हलका पोट्टा पाह्यजे अन् छाती पाह्यजे. फकिराले होती. बाकीचे धुरकरी तुतारीच्या, म्हनजे हाकाच्या काठीच्या, टोकदार आरेनं बैलाईची कातडी फोडत, हा नुसता तोंडानं हाकारे. आपला विदर्भ मुंबईच्या राज्यात गेला त्याच हिवाळ्यात त्यानं महागावकडचा पट मारला. त्याले मिशी बी फुटली नव्हती.

त्या दिवशी बाचा तोरा पाहाचा होता. लोकाईच्या मंधात त्यानं फकिराचं धोतर वर खोसलं अन् पिंढरीवर थाप मारली. "पाह्या! अशी पिंढरी बाजारात कुठं भेटली तर सांगा मले!" अन् खरंच, काय पिंढऱ्या होत्या. वरतं अंग काडीवानी, अन् खालतं पैलवानाचं. वर्साले वर्स जाडच होऊन राह्यल्या होत्या. लोकं हात लावून पाह्यत, दाबून पाह्यत, टनक लागत. फकिरा लाजून हासे. आमच्यात मायले याडी म्हनते. माह्या याडीनं, रुपीबाईनं, तोंड फिरवलं. मले वाटलं लेकराले दिष्ट लागन म्हनून फिरवलं असन.

त्याच्या दुसऱ्या वर्सी मले ते दिसलं. मी शेनपानी करून गोठ्यातून येत होती. फकिरा अंगनात भुईवर बसलता अन् उठाले पाहून राह्यलता. आधी पालथा झाला. दोन्ही हात भुईवर टेकले अन् कंबर वर केली, बैल मागून उठते तशी. मंग एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसरा मांडीवर, अन् असा हातानं हात वर सरकवत, सोताच्याच अंगावर चढत चढत उभा राह्यला. मले हासू आलं. मी म्हनलं, "काय रे भिया, म्हातारा झाला का?"

त्यानं वर पाह्यलं. तोंडाचा रंग उडालता. "बाई, बाले सांगू नोको."

"काय सांगू नोको?"

"मी असा उठतो ते."

मंग मी ध्यान देऊन पाह्याले लागली. बा घरात असला का फकिरा बसतच नसे. खांबाले टेकून उभा राहे. पंगतीत बसावंच लागलं तर सगळे उठून हात धुवाले जाईपर्यंत भाकर चिवडत बसे. बा म्हने, "पाह्या, पट्ठ्या कसा खाते!" अन् खूश होये. मुलुखातले बैल उठताना पाहनाऱ्या मानसानं घरातलं पोरगं एक डाव उठताना पाह्यलं नाई. काय म्हनाव या डोळ्याले!

मी याडीले सांगतलं. ती चुलीत लाकूड सारत होती, तशीच थांबली. मंग हळूच म्हने, "माह्या भावाचं असंच झालतं. बाबूसिंगचं." राजूरकडं, कोळशाच्या खानीपाशी, तिचं माहेर. बाबूसिंग मामा माह्या जन्माआधीच गेलता. "पिंढऱ्या जाड झाल्या. मंग पाय गेले, मंग हात गेले. लग्नाच्या वयात बाजेवर मेला. कोनी म्हने खानीची हवा लागली, कोनी म्हने देवीचा कोप."

"मंग बाले सांग ना!"

"काय सांगू? माह्या रक्तातून आलं म्हनून सांगू? मले जिती ठेवन का तो?"

अन् ती पुन्हा चूल फुंकाले लागली. मले लय राग आला तिचा. अजून बी येते. पन ज्या बाईले रोजच्या भाकरीसंग शिवी भेटते, तिनं धीर आनाचा कुठून?

त्या हंगामात सदाशिवरावानं नवी जोडी घेतली. बानं निवडलेली. ती राळेगावच्या पटात पळनार अन् धुरीवर फकिरा बसनार, हे अख्ख्या मुलुखाले माहीत. आदल्या दिवशी फकिरा बापुढं उभा राह्यला. मी तठीच होती. म्हने, "बा, या खेपेले दुसऱ्याले बसव."

"काहून?"

"पायात जोर नाई."

बानं त्याच्या पिंढऱ्याकडं पाह्यलं अन् खो खो हासला. "एवढ्या पिंढऱ्या घेऊन जोर नाई म्हनते! अरे, अशा पिंढऱ्याचा बैल मी डोळे मिटून घेईन. नाटकं कायले करतं? पोट्टी पाह्यली का कुठं?"

मी म्हनलं, "बा, त्याले उठताना तर पाह्य एक डाव."

"मानसाले काय उठताना पाह्यते? तो काय बैल आहे?" झालं. बोलनं खलास.

पटात जोडी सुटली ती बानासारखी सुटली. लोक बोंबलून राह्यले. अर्ध्या रस्त्यावर फकिराची बैठक ढिली झाली. मी काठावर उभी होती, मले दिसलं. मांड्याईनं धरलंच नाई. तो आधी धुरीवर फतकल मारून बसला, मंग मागं सरकला, अन् मंग धुराळ्यात गेला. बैल रिकामा छकडा घेऊन पुढं. फार लागलं नव्हतं त्याले. कोपर सोललं, एवढंच. उठून चालू लागला असता तर लोकं विसरले असते.

पन तो उठना. चारी बाजूनं लोकं, समोरून बा येऊन राह्यला, अन् याले उठाचं म्हनजे सगळ्याईपुढं आधी पालथं व्हाचं, ढुंगन वर कराचं, अन् सोताच्या मांड्या धरून चढाचं. तो तसाच मांडी घालून बसला, खाली मान घालून.

"उठ!" बा वरडला.

"तू जा, बा. मंग उठतो."

तुमाले समजलं ना त्यानं असं काहून म्हनलं? बाले नाई समजलं. बाले वाटलं पोरगं लोकाईपुढं तोंड वर करून बोलून राह्यलं. त्यानं कोनाच्या तरी हातातली तुतारी हिसकली अन् पाठीत घातली. "जू मानेवर आलं का जो बैल मुद्दाम बसते त्याले गळ्या म्हनते! माह्या घरात गळ्या निपजला!" लोकं हासले. हासनारच, फुकटचा तमाशा. शेवटी दोघाईनं काखेत हात घालून फकिराले उचललं अन् बंडीत टाकलं. बा तवर पाठ फिरवून सदाशिवरावाच्या हातापाया पडाले गेलता. तांड्यातले लेकरं त्या दिवसापासून फकिराले गळ्याच म्हनाले लागले. लेकराईचं काय, ती मोठ्याईचंच तोंड घेऊन फिरते.

माहं लग्न त्याच वर्सी झालतं, सासर बाजूच्याच तांड्यात. तिसऱ्या दिवशी दुपारी कोनीतरी सांगत आलं का तुहा बाप फकिराले डाग देऊन राह्यला. गळ्या बैलाले आमच्याकडं डागते, सळई लाल करून. मी तशीच धावली. अंगनात फकिरा बसलता, बाच्या हातात सळई होती, दोन पिंढऱ्याईवर दोन दोन डाग देऊन झालते. मांस जळाचा वास येऊन राह्यलता. याडी दारात पदर तोंडात कोंबून उभी.

फकिराच्या डोळ्यातून पानी वाहत होतं, पन तो वरडला नाई. बाले म्हने, "बा, चटका कळते मले. म्हनजे पाय जिते आहे ना?"

त्याले खरंच विचाराचं होतं, हो. त्याले वाटलं बा तरी सांगन. बा म्हने, "कळते? कळते तर मंग उठत काहून नाई, हरामखोरा? जनावराले कळत नाई तवा त्याच्यात दोष. तुह्यात दोष नाई, तुह्यात आळस आहे."

मी मंधात गेली. म्हनलं, "डाग द्याच्या वक्ताले तो बैल, अन् पाह्याच्या वक्ताले मानूस होय? थांब ना, बा. बिडी पेटव, बस, अन् पाह्य त्याले उठताना! एवढंच कर!"

बानं मले एक चापट ठेवून देली. सळई फेकली अन् बाहेर निघून गेला. तो वेशीपार गेल्यावर फकिरा पालथा झाला, हात टेकले, जळल्या पायाईनं उठला. मले म्हने, "बाई, तू कायले बोलली? तुले बी भेटली."

माहा नवरा डोंगरसिंग. कमी बोलनारा मानूस, पन काळजाचा. त्यानं फकिराले पाठुंगळी घेतलं, यश्टीत बसवलं, अन् आमी तिघं नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. दोन दिवस वऱ्हांड्यात पडून राह्यल्यावर नंबर लागला. डाक्टर चांगला होता, शिव्या देल्या नाई त्यानं. पिंढऱ्या दाबल्या, डाग पाह्यले. मंग फकिराले फरशीवर झोपवलं अन् म्हनाला, "आता उठ बरं."

फकिरानं माह्याकडं पाह्यलं. मी म्हनलं, "उठ भिया, अठी बा नाई."

तो उठला. डाक्टरानं एकदम डोळे बारीक केले, बाजूच्या खोलीतून शिकाऊ पोरंपोरी बोलावले. "पुन्हा एकदा उठ." सगळे गोल करून उभे. फकिरा उठला. कोनी मागून आलं, त्याले दिसलं नाई म्हनून आखीन एकदा उठवलं. ज्या गोष्टीसाठी पोरानं तुतारी खाल्ली, सळई खाल्ली, ती त्याले अठी परक्या पोरीबाळीपुढं तीनदा करा लागली. पन काय सांगू, तिसऱ्या खेपेले त्याच्या तोंडावर मले समाधान दिसलं. कोनीतरी पाहून राह्यलं होतं ना! कोनीतरी मानून राह्यलं होतं.

डाक्टरानं मले बाजूले घेतलं. "तुमच्या मामांना असं काही होतं का? आईच्या भावाला?"

मी म्हनलं, "हाव. मेला तो."

"यावर औषध नाही, बाई. पाय जातील, हात जातील, मग छाती. ही मोठी पिंडरी म्हणजे ताकद नव्हे. आतलं मांस मरतं आणि त्याच्या जागी चरबी भरते, म्हणून जाड दिसते. तुम्ही सख्ख्या बहीण? मुलंबाळं?"

"पोटात आहे," मी म्हनलं.

त्यानं माह्या पोटाकडं पाह्यलं. मंग म्हने, "हा रोग बायका अंगात घेऊन फिरतात आणि मुलग्यांना देतात. सगळ्यांना नाही. पण मुलगी झाली तर बरं, म्हणा." सारी दुनिया पोटुशीले पोरगा हो म्हनून आशीर्वाद देते. मले पयल्यांदा कोनी असा आशीर्वाद देला.

घरी येऊन मी बाले सगळं सांगतलं. याडीच्या भावाचं सोडून. ते मी गिळलं, कारन याडी माह्याकडं पाहत होती. बानं आयकून घेतलं अन् म्हने, "त्या डाक्टरानं जिनगानीत कधी बैल घेतला का?"

"नाई."

"मंग? माह्या डोळ्याले दिसत नाई अन् त्याले दिसते? अशा पिंढऱ्या असलेला मानूस मरत नसते. तुमी बहीनभाऊ मिळून मले येडा समजून राह्यले."

काय बोलाव या मानसाशी? तो खोटं मानत होता असं नाई, सांगते ना मी. त्याले खरं परवडतच नव्हतं. पोराच्या पिंढऱ्यात दोष निघाला तर डोळ्यात दोष निघते, अन् डोळा गेला तर पूनमसिंग म्हनजे कोन? तांड्यातला एक म्हातारा. म्हनून त्यानं पोरगं खोटं ठरवलं. पोरापरीस डोळा प्यारा.

मंग फकिरा हळूहळू बसला. दोन वर्सांत चालनं बंद. गोठ्याच्या बाजूले त्याची बाज टाकली. बानं त्याच्याशी बोलनं सोडलं. सदाशिवरावाच्या जोडीवर बानं दुसरा पोट्टा बसवला, पटात जिंकला तसा त्याले घरी आनला अन् फकिराच्या बाजेपुढं बसवून गुळाचा शिरा चारला. "पाह्य," फकिराले म्हने, "तुही जागा." फकिरा त्या पोट्ट्याले म्हने, "डावा बैल लाजाळू आहे, बरं का. त्याले शिवी देऊ नोको, नुसतं नाव घेऊन हाकार." शिरा त्याच्यासाठी कोनी आनलाच नाई.

मी येऊन त्याले न्हाऊ घाली, कूस बदलून देये. एक दिवस तो म्हने, "बाई, मले बरं नाई होनार ते समजलं. त्याचं काई नाई. मले एकच पाह्यजे. बानं एक डाव म्हनाव का फकिरा खोटं बोलत नव्हता. बस."

मी म्हनलं, "म्हनन रे. म्हनन."

शेवटच्या हिवाळ्यात त्याले श्वास पुरे नाई. बोलता बोलता थांबे. त्यानं बाले बोलावनं धाडलं. बा बाजारातून आला, खांद्यावर दोर, तोंडाले बिडीचा वास. बाजेपाशी उभा राह्यला. फकिराचे हात बी गेलते तवा, डोळे तेवढे चालत. म्हने, "बा, मले उठव ना. बसून बोलतो."

बा म्हने, "सोता उठ."

दोन शब्द. मी तठीच होती, माह्या मांडीवर माहं लेकरू होतं. फकिरानं बाकडं पाह्यलं, मंग छपराकडं पाह्यलं. पुन्हा बोलला नाई. सकाळी बैल सोडाच्या वक्ताले गेला.

आमच्यात बिनलग्नाच्या मानसाले पुरते, जाळत नाई. खड्ड्यात ठेवताना धोतर सरकलं अन् पिंढऱ्या उघड्या पडल्या, डागासकट. अंगाची काडी झालती, पिंढऱ्या मातर अजून दिसत होत्या. बानं वाकून हात फिरवला अन् लोकाईले म्हने, "पाह्या. असा गडी. नुसत्या आळसानं गेला." मी बोलनार होती, डोंगरसिंगनं माहा हात दाबून धरला.

आता माह्या मांडीवरच्या लेकराचं सांगते. नागपूरच्या डाक्टरानं पोरगी माग म्हनलं, देवानं पोरगा देला. थाळी वाजली. मी रडली तर बाया म्हने, पाह्या कशी खुशीनं रडून राह्यली. नाव उत्तमसिंग. चालाले उशिरा लागला. मी रोज त्याच्या पिंढऱ्या चाचपे, सकाळी एक डाव, न्हाऊ घालताना एक डाव. काई नाई, काई नाई, असं सोताले सांगे. मंग एका उन्हाळ्यात मले माह्या बोटाईनंच सांगतलं. टनक. भरलेल्या. उत्तम अंगनात पडला अन् उठला. कसा उठला ते तुमाले सांगाची गरज नाई. डोंगरसिंगनं बी पाह्यलं. तो बैलाले पानी पाजाचं सोडून वावरात निघून गेला अन् अंधार पडल्यावर परत आला.

यंदा पोळ्याले मी माहेरी गेली. बा आता थकला, पन डोळ्याची शेखी तशीच. नातू पाह्यला का त्याचं तोंड फुलते. उत्तमले बी आजा लय आवडते, कारन तो काई बी करो, आजा "शाब्बास रे वाघा!" म्हनते. चार मानसं अंगनात बसलते. सदाशिवराव आलते. बानं उत्तमची चड्डी वर सरकवली अन् पिंढरीवर थाप मारली. "पाह्या! फकिरापरीस सरस! याच्यात आळस नाई. या हंगामापासून मी याले छकड्यावर बसवतो." अन् आतून एक लहानशी तुतारी आनली. नवी. सोता तासलेली, आर लावलेली.

त्या तुतारीकडं पाह्यलं अन् माह्या डोक्यात काय झालं मले समजलं नाई. समजलं, खोटं कायले बोलू. पुरं समजत होतं.

मी म्हनलं, "बा, बैल कसा पाहाचा?"

तो हासला. सदाशिवरावाकडं पाहून म्हने, "आयका. पोट्टी मले इच्यारते! उठताना पाहाचा."

"मंग पेटव बिडी."

मी उत्तमले भुईवर बसवलं, सगळ्याईच्या मंधात. याडी दारात आलती. ती मान हालवून मले नाई नाई म्हनत होती. मी तिच्याकडं पाह्यलंच नाई. "उत्तम," मी म्हनलं, "आजाले उठून दाखव."

माहं लेकरू खुशीनं पालथं झालं. दोन्ही हात टेकले. कंबर वर केली. एक हात गुडघ्यावर. दुसरा मांडीवर. हातानं हात सरकवत वर चढलं, अन् उभं राह्यलं.

बाच्या हातातली काडी बोटापर्यंत जळली. तो म्हने, "आखीन एक डाव."

मी पुन्हा बसवलं. उत्तम पुन्हा उठला. बा पुढं सरकला, रांगत आल्यासारखा, अन् पोराच्या कमरेकडं, मांड्याईकडं असा पाहाले लागला का मी त्याले तसं पाह्यताना बाजारातच पाह्यलं होतं. सदाशिवरावाले बी समजलं असन, ते जोडा पायात घालाले लागले.

"फकिरा...?" बा म्हने.

"असाच उठे. पटाच्या आधीपासून. तू पाठ फिरवली का उठे."

बानं दोन्ही हात भुईवर टेकले. त्याच्या तोंडातून जे निघालं ते रडनं नव्हतं. डागताना बैलाच्या घशातून निघते तसं काई तरी. मंग एकदम माह्याकडं वर पाहून म्हने, "खोटं नव्हता बोलत तो?"

किती वर्सं मी या शब्दाईची वाट पाह्यली होती. मले वाटलं होतं का हे आयकलं का माह्या छातीवरचा दगड उतरन. मी जिंकली होती. चार मानसाईपुढं, बाच्याच रीतीनं, बाचाच डोळा बाले दाखवला. अन् त्यासाठी काय लावलं मी? पोटचं पोरगं दोनदा भुईवर आपटलं, बाजारात मांडलं. ज्याले आयकाचं होतं तो मातीत गेला. ज्यानं हे आयकू नये तो माहा उत्तम अठी उभा होता, गुडघ्याले माती लागलेली.

उत्तम आजाकडं पाहून राह्यलता. मंग त्याले वाटलं का आजाले बराबर दिसलं नसन. म्हनून तो आपल्या मनानंच खाली बसला, पालथा झाला, हात टेकले, अन् उठाले लागला.

"आजा," तो म्हने, "आता तरी शाब्बास म्हन ना."